मार्केट यार्ड आणि पांथस्थाचें अन्न

परक्या शहरांत पाऊल ठेवणाऱ्या माणसाचे प्रश्न मुळांत दोनच असतात. उतरावें कोठें आणि जेवावें कोठें? देऊळ, वाडा, बाजार, नाटक हीं सारीं त्यानंतर. चार दिवसांच्या सुट्टींत स्पेनमधील माद्रिद किंवा सेव्हिल शहर पाहूं जाणारा पुण्याचा हौशी प्रवासी विमानांत बसण्यापूर्वीं महिनाभर ह्याच दोन प्रश्नांचीं उत्तरें शोधीत असतो. चांगलें हॉटेल कोणतें, आणि ज्यांना तेथें 'तापास' म्हणतात त्या लहान लहान बशांतील पदार्थांचीं उत्तम दुकानें कोणत्या गल्लींत आहेत, हें तो दहा जणांना विचारतो. त्याच पुण्यांत, गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत, जुन्नरकडून किंवा पुरंदरकडून भाजीची गाडी घेऊन पहाटे तीन वाजतां उतरणारा शेतकरीहि तेच दोन प्रश्न विचारतो. फक्त त्याच्यापाशीं महिनाभर वेळ नसतो. लिलाव सुरू होण्याच्या आधीं त्याला चहा हवा असतो, आणि पट्टी हातांत पडल्यावर भाकरी हवी असते.

ह्या दुसऱ्या माणसाला पुणें शहरानें गेल्या अडीचशें वर्षांत काय उत्तर दिलें, हें पाहण्यासारखें आहे. शहराचें मोठेपण त्याच्या वाड्यांवरून जितकें कळतें, त्याहून अधिक तें परक्याच्या पानांत काय पडतें यावरून कळतें.

पुण्याच्या पेठा ह्या मुळांत बाजार होत. कसबा ही जुनी वस्ती. तिच्या भोंवतीं पेशवाईंत एकामागून एक पेठा वसल्या. नवी पेठ वसवितांना सरकारांतून कौल दिला जाई, येणाऱ्या उदम्यांना कांहीं वर्षें करांत सूट मिळे, आणि शेटे व महाजन यांच्याकडे बाजाराची व्यवस्था सोंपविली जाई. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७६७ च्या सुमारास, बोरवन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागीं भवानी पेठ वसली. नाना फडणिसांच्या नांवाची नाना पेठ तिच्या शेजारीं उभी राहिली. गंज पेठेच्या तर नांवांतच बाजार आहे. शहराच्या पूर्व अंगाच्या ह्या पेठा म्हणजे घाऊक व्यापाराचें घर. धान्य, मीठ, गूळ, तेल घेऊन येणाऱ्या बैलगाड्या आणि लमाणांचे तांडे येथें उतरत.

माल उतरला, पण माणूस कोठें उतरे? ज्याचा अडत्या ओळखीचा तो अडत्याच्या पेढीवर किंवा ओसरीवर पथारी टाकी. ज्याचें कोणी नसे तो धर्मशाळेंत किंवा देवळाच्या ओवरींत राही. धर्मशाळेंत छप्पर मिळे, पाणी मिळे, कोठें कोठें शिधाहि मिळे. शिजलेलें अन्न मात्र मिळत नसे. पीठ, मीठ, मिरची शेल्याच्या पदरांत बांधून आणावी, तीन दगडांची चूल मांडावी आणि आपली भाकरी आपण थापावी, हा प्रवासाचा धर्म होता. पैसे घेऊन वाटेल त्याला जेवूं घालणारें घर त्या काळीं जवळजवळ नव्हतें. गरज नव्हती म्हणून नव्हतें असें नव्हे. कोणाच्या हातचें कोणीं खावयाचें हा प्रश्न सुटला नव्हता, म्हणून नव्हतें. ज्यांना अस्पृश्य मानीत त्यांना तर धर्मशाळेचें छप्परहि नव्हतें. त्यांनीं गांवकुसाबाहेर आपल्या जातीचा आसरा शोधावा, एवढाच मार्ग होता.

सरकारी आतिथ्य नव्हतें असें नाहीं. श्रावण मासांत पेशव्यांची दक्षिणा घेण्यासाठीं दूरदूरच्या प्रांतांतून हजारों ब्राह्मण पुण्यास येत आणि पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत दक्षिणा वांटली जाई. भोजनांच्या पंक्ति उठत. हें पुण्याचें वैभव म्हणून अनेकांनीं वर्णिलें आहे. परंतु त्या वैभवाची दुसरी बाजूहि आहे. १७९१ सालीं अशाच दक्षिणेसाठीं आलेल्या कांहीं तेलंगी ब्राह्मणांनीं कोतवाल घाशीराम याच्या बागेंतून कांहीं तोडून खाल्लें असा आळ आला. कोतवालानें त्यांना लहानशा कोठडींत कोंडलें आणि त्यांतील कित्येक रात्रींत गुदमरून मेले. संतापलेल्या लोकांनीं मग घाशीरामाला दगडांनीं ठेंचून ठार केलें. रमण्यांत पंक्ति उठत असतांना त्याच शहरांत पाहुणा भुकेच्या आळानें प्राणास मुकला, हें विसरतां येत नाहीं. ज्याला आमंत्रण आहे त्याचें पोट भरणें निराळें, आणि जो केवळ येऊन पडला आहे त्याला जेवण मिळणें निराळें. शहराची खरी परीक्षा दुसऱ्या गोष्टींत होते.

ह्या परीक्षेंत पुण्याच्या बाजारपेठा दरवर्षीं एकदां उत्तीर्ण होत आल्या आहेत. पंढरीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेंतील पालखी विठोबाच्या मंदिरांत आणि तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेंतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरांत मुक्कामाला असते. दोन्ही मुक्काम बाजाराच्या पेठांतच आहेत, ही ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट आहे. पेढ्यांचे आणि गोदामांचे दरवाजे त्या दोन दिवसांत वारकऱ्यांसाठीं उघडतात. अडते, व्यापारी, हमाल सारे अन्नदानांत हात घालतात. पण वारी वर्षांतून एकदां येते. माल घेऊन येणारा माणूस रोज येतो.

आपली भाकरी आपण बांधून न्यावी ही रीत केवळ आपल्याच देशांत होती असें मात्र समजूं नये. ज्या स्पेनच्या खाण्यापिण्याची आज एवढी कीर्ति आहे, तेथेंहि एके काळीं तीच अवस्था होती. तेथील हमरस्त्यांवरच्या उताऱ्यांना 'व्हेंता' म्हणत. तेथें खाट मिळे आणि जनावराला वैरण मिळे. जेवण प्रवाशानें आपलें आणावें. शेजारच्या फ्रेंच भाषेंत 'स्पॅनिश खाणावळ' हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. जेथें आपण नेलें असेल तेवढेंच आपल्याला मिळतें, अशी जागा हा त्याचा अर्थ. सर्व्हांटीस यानें १६०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'डॉन किहोते' ह्या कादंबरीचा भ्रमिष्ट नायक अशाच एका उताऱ्याला किल्ला समजून आंत शिरतो आणि बाहेर पडतांना पैसे मागितले म्हणून आश्चर्य करतो. पुढें ही स्थिति पालटली, आणि ती बाजारामुळें पालटली. माद्रिदमध्यें 'सेबादा' म्हणजे जवाचा चौक आहे. खेचरांवर माल लादून येणारे शेतकरी तेथें उतरत, आणि त्या चौकाजवळच्या 'कावा बाहा' ह्या गल्लींत त्यांच्यासाठीं उतारे निघाले. १८७५ सालीं त्या चौकांत लोखंडी मंडई बांधली गेली. पहाटेपासून राबणाऱ्या माणसाला पेल्याबरोबर चार घास हवे असत. सावकाश बसून जेवण्यास त्याला सवड नसे. 'तापा' म्हणजे झाकण. मद्याच्या पेल्यावर माशा बसूं नयेत म्हणून ठेवलेली पावाची चकती हें तापाचें मूळ, अशी लोककथा आहे. आज त्याच गल्लींत देशोदेशींचे प्रवासी एका दुकानांत एक बशी, दुसऱ्यांत दुसरी असे फिरत संध्याकाळ घालवितात. त्यांच्या विलासाखालीं खेचरवाल्याची भूक आहे, हें त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असतें.

पुण्यांत ही पालट रेल्वेनें सुरू झाली. १८५८ च्या जून महिन्यांत खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी आली आणि १८६३ सालीं बोरघाटाचा मार्ग पुरा होऊन मुंबईशीं सलग दळणवळण सुरू झालें. प्रवासी वाढले. शिदोरी एका दिवसाची पुरे. पण चार दिवस राहणाऱ्याचें काय? त्यांतच १८८० सालीं न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें आणि परगांवचीं मुलें शहरांत आलीं. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरीं पान वाढलेलें असे. कित्येक माधुकरी मागत. १९०९ सालीं स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचे विद्यार्थीहि माधुकरीवरच वाढले. ज्यांच्यापाशीं थोडा पैसा असे ते खाणावळींत जात. अनेक खाणावळी निराधार विधवांनीं चालविलेल्या होत्या. घरांतील एक खोली, पाटांची रांग आणि ठराविक आमटी-भात-पोळी, एवढाच त्यांचा थाट. पण त्या खाणावळीनें दोन माणसांना आधार दिला, जेवणाराला आणि जेवूं घालणारीला.

तरी दाराशीं जातीचा प्रश्न उभाच होता. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं गंज पेठेंतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. बाजाराच्या पेठेंत, जेथें तहानलेला परका माणूस रोज येतो, तेथें हें घडलें. म्हणून त्याचें महत्त्व विशेष. पण सुशिक्षित पुण्यालाहि नुसता चहा पचण्यास अवधि लागला. १८९० सालीं वेताळ पेठेंतील पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें जमलेल्या मंडळींपुढें चहा-बिस्किटें आलीं. त्यांत टिळक होते, रानडे होते. कोणीं चहा घेतला, कोणीं पेल्याला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनीं नांवें छापून टाकलीं आणि शहरांत गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्तें झालीं. आज हें हास्यास्पद वाटतें. परंतु जेथें न्यायमूर्तींना एका पेल्यासाठीं प्रायश्चित्त घ्यावें लागे, तेथें भाजीवाल्यानें अनोळखी दुकानांत बसून जेवावें कसें?

दरम्यान १८८६ सालीं शुक्रवार पेठेंत मोठी मंडई उभी राहिली. त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला दिलें होतें. एवढा खर्च शिक्षणावर व्हावा म्हणून ज्या फुल्यांनीं ह्या इमारतीला विरोध केला, त्यांचेंच नांव पुढें तिला मिळालें. मंडईच्या छपराखालीं आणि भोंवतालच्या बोळांत नवें खाद्यजीवन जन्मलें. भजीं एका गाड्यावर, मिसळ दुसऱ्या दुकानांत आणि चहा तिसऱ्या ठिकाणीं, असें उभ्याउभ्यानें खाऊन माणूस पुन्हां कामाला लागे. माद्रिदच्या जवाच्या चौकांत जें घडलें तेंच येथें, फक्त मद्याच्या जागीं चहा आला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दारें हळूहळू उघडूं लागलीं. इराणांतून आलेल्या लोकांनीं मोक्याच्या कोपऱ्यांवर चहाचीं दुकानें थाटलीं. संगमरवरी मेज, ब्रुन मस्का आणि दाट चहा. गल्ल्यावर बसलेला इराणी गिऱ्हाइकाची जात विचारीत नसे. १९३५ सालीं डेक्कन जिमखान्याजवळ 'कॅफे गुडलक' निघालें. त्याच वर्षीं मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनीं लक्ष्मी रस्त्यावर 'पूना गेस्ट हाऊस' सुरू केलें आणि तें नट, लेखक व परगांवच्या पाहुण्यांचें घर झालें. पाट्यांवर 'उपाहारगृह', 'विश्रांतिगृह', 'क्षुधाशांतिगृह' असे शब्द दिसूं लागले. ज्या संस्थेला मराठींत नांव नव्हतें तिला एकदम तीन नांवें मिळालीं, ह्यावरून तिची किती निकड होती तें दिसतें.

परंतु पाटीवर 'गृह' लिहिल्यानें तें सर्वांचें घर होत नाहीं. कपबशी वेगळी ठेवण्याची रीत अनेक गांवीं चालूच राहिली. शेवटीं १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमानें दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाहि मज्जाव करतां येणार नाहीं असें ठरविलें, आणि १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यानें असा मज्जाव हा दंडनीय गुन्हा झाला. धर्मशाळा आणि मुसाफिरखाना यांचाहि त्यांत समावेश होता. तीन दगडांच्या चुलीपासून ह्या कलमापर्यंत पोंचण्यास पावणेदोनशें वर्षें लागलीं.

ह्याच सुमारास बाजारहि हलूं लागला. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर ही पहिली एस. टी. धांवली. मोटार आणि ट्रक यांनीं बैलगाडीची जागा घेतली, आणि नाना-भवानी पेठांच्या अरुंद रस्त्यांत त्या गाड्या मावेनात. १९३९ च्या मुंबई शेतमाल बाजार कायद्यानें नियंत्रित बाजाराची कल्पना आली होती. १९५७ सालीं पुण्याची कृषि उत्पन्न बाजार समिति स्थापन झाली, आणि स्वारगेटच्या पुढें गुलटेकडी येथें मार्केट यार्ड उभारून घाऊक व्यापार टप्प्याटप्प्यानें तेथें नेण्यांत आला. भुसार, गूळ, कांदा-बटाटा, फळें, पालेभाज्या, फुलें यांचे निरनिराळे विभाग झाले. उन्हाळ्यांत कोंकणचा हापूस, हंगामांत पुरंदरची अंजिरें आणि सीताफळें, नारायणगांवचे टोमॅटो येथें येतात. बाजार हलला तशी भूकहि हलली. गाळ्यांच्या शेजारीं चहाच्या टपऱ्या, पोहे-मिसळीच्या गाड्या आणि जेवणाच्या खाणावळी पाठोपाठ आल्या.

तथापि बाजारांत सर्वांची मिळकत सारखी नसते. अडत्या, खरेदीदार, तोलणार, टेंपोवाला आणि हमाल हे एकाच गाळ्यांत वावरतात. पण ज्याच्या पाठीवर शंभर किलोचें पोतें असे, त्याला पोटभर जेवण विकत घेणें सर्वांत जड जाई. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालीं संघटित झालेल्या हमाल पंचायतीनें हा प्रश्न हातीं घेतला. हमालांच्या हक्कांसाठीं झालेल्या चळवळींतून १९६९ सालीं माथाडी कामगारांचा कायदा झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर महागाईनें अन्न दुर्मिळ झालें असतां, १९७४ सालीं हमाल पंचायतीनें 'कष्टाची भाकर' हें केंद्र सुरू केलें. ना नफा ना तोटा हें त्याचें तत्त्व. भाकरी, झुणका, भाजी, आमटी-भात असें साधें ताजें अन्न, आणि तें शिजविणाऱ्या श्रमिक घरांतल्या स्त्रिया. पुढें शहरांत त्याच्या अनेक शाखा झाल्या. हमालासाठीं निघालेल्या ह्या केंद्रांत विद्यार्थी, रिक्षावाले, परगांवचे उमेदवार आणि रुग्णांचे नातेवाईक जेवूं लागले.

सरकारनेंहि हा मार्ग चोखाळून पाहिला. १९९५ सालीं एका रुपयांत झुणका-भाकर देण्याची योजना राज्यभर निघाली. कांहीं वर्षांत ती बंद पडली. २०२० सालीं दहा रुपयांत 'शिवभोजन' थाळी सुरू करण्यांत आली. योजना येतात आणि जातात. कष्टाची भाकर दया म्हणून वाढली गेली नाहीं, खाणारांच्याच संघटनेनें ती थापली. म्हणून तिचें आयुष्य दीर्घ ठरलें, हा ह्या इतिहासांतील सर्वांत मोलाचा धडा होय.

उताऱ्याचा प्रश्न मात्र अन्नाइतका सुटलेला नाहीं. मुक्काम करण्याइतका पैसा नसलेला शेतकरी अजूनहि रात्रीं आपल्याच गोण्यांच्या आडोशाला अंग टाकतो. माल राखणें आणि झोंप घेणें हीं दोन्ही कामें त्याला एकदमच करावीं लागतात. बाईमाणूस बरोबर असेल तर अडचण दुप्पट होते. अडत्याच्या ओसरीची जुनी सोय गेली, आणि तिच्या जागीं येणारी नवी सोय सर्वांना पुरेल एवढी झालेली नाहीं. दोन प्रश्नांपैकीं एकाचें उत्तर शहरानें निम्म्याहून अधिक दिलें आहे. दुसऱ्याचें अद्याप द्यावयाचें आहे.

ऐकणाऱ्यांपैकीं ज्यांना परदेशीं जाऊन चांगलें दुकान शोधावयाचें असेल, त्यांनाहि हा इतिहास उपयोगी पडण्यासारखा आहे. माद्रिद असो वा मार्केट यार्ड, पाटी किती मोठी आहे हें न पाहतां आंत कोण बसलें आहे तें पाहावें. जेथें ओझें वाहणारा, गाडी हांकणारा आणि माल तोलणारा माणूस रोज जेवतो, तेथें अन्न ताजें असतें, भाव रास्त असतो आणि ताट लवकर येतें. कारण ह्या तिन्हींपैकीं एकहि गोष्ट चुकली तर तो दुसऱ्या दिवशीं येत नाहीं. आणि त्याच्या शेजारीं बसण्यास जेथें कोणाला संकोच वाटत नाहीं, त्या शहराला परक्याचें स्वागत करतां येऊं लागलें आहे असें म्हणावें.